आज पाऊस येऊ शकतो?

वादाला कारण झालं एक वाक्य. बारावीतल्या मुलानं इंग्रजीच्या वहीत लिहिलं होतं, ‘इट कॅन रेन टुडे.’ त्यामागचं मराठी वाक्य उघडच दिसतं: आज पाऊस येऊ शकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे हा मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकला आहे. तरी कॅन, कुड, मे, माइट यांतलं कोणतं कुठे घ्यायचं, हे तो अजून अंदाजानंच ठरवतो. त्याला दोष देता येत नाही. त्याला शिकवणाऱ्यांतच यावर दोन मतं आहेत.

ती दोन मतं मी इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हायस्कूलवर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आता सावेडीत राहणारे. भाची इंजिनिअर, नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. वही तिच्या धाकट्या भावाची. दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण असे मामा आणि अशा भाच्या या जिल्ह्यात घरोघरी आहेत. माझं स्वतःचं मत कुठे झुकतं, तेही मी लपवणार नाही.

भाची : मामा, हे वाक्य तुम्ही का खोडलंत? अर्थ तर कळतोय. शकतो म्हणजे कॅन.

मामा : कुठल्या पावसाचा अर्थ कळतोय? अकोले तालुक्यातल्या घाटघरला जुलैत पाऊस बसला की दिवसचे दिवस उघडत नाही. त्या पावसाबद्दल ‘इट कॅन रेन फॉर डेज इन घाटघर’ म्हण, अगदी बरोबर. तो त्या जागेचा गुण झाला. पण आत्ता पाथर्डीच्या बाजूला ढग भरून आलेत आणि तू आज संध्याकाळबद्दल बोलतेस. तिथे कॅन नाही चालत. इट मे रेन, इट माइट रेन, इट कुड रेन, यांतलं काहीही घे. कॅननं सर्वसाधारण गोष्ट सांगायची. आज, आत्ता, ह्या ढगाची गोष्ट सांगायला बाकीचे तिघे.

भाची : पण मराठीत आपण दोन्हीकडे ‘येऊ शकतो’ म्हणतो.

मामा : आता म्हणायला लागलो. माझी आई कधी ‘पाऊस येऊ शकतो’ म्हणाली नाही. ती म्हणायची, पाऊस येईलसं दिसतंय. येईल बहुतेक. वाळवण आत घ्या, पाऊस यायचा एखाद्या वेळेस. शकणं हे माणसाचं काम. पावसाला कसलं आलंय शकणं?

भाची : आजी म्हणत नसेल, पण आज बातम्यांत म्हणतात, शेतकरी म्हणतात, मी म्हणते. भाषा बदलली. ती परत आजीच्या अंगणात नेऊन ठेवता येणार नाही.

भाचीचं हे खरं आहे, ‘येऊ शकतो’ आता मराठीतून जाणार नाही. पण मामांच्या आईच्या वाक्यांकडे मला जरा थांबून बघावंसं वाटतं, कारण तिथे मराठीनं एक फार बारीक काम केलेलं आहे. ‘दूध उतू जाईल’ हा अंदाज आहे. ‘लक्ष ठेव, दूध उतू जायचं’ हा इशारा आहे. ‘पडशील’ आणि ‘पडायचास’ यांतही तोच फरक. नको असलेली शक्यता सांगायला मराठीनं क्रियापदाचं एक रूपच कामाला लावलं, आणि पाच वर्षांचं पोरही ते न चुकता वापरतं. ज्या मुलाच्या कानात इतकं बारीक यंत्र बसवलेलं आहे, त्याला मे आणि कॅन यांतला फरक जड जाऊ नये. जड जातो, कारण आपण शिकवताना त्या यंत्राला हातच लावत नाही. एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवतो: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मे म्हणजे कदाचित. पोरगं पाठ करतं आणि पुढे आयुष्यभर त्या तीन जोड्यांवर अडखळतं.

भाची : तुमच्या फळ्यावर एक कोष्टक असायचं, मामा. मे म्हणजे पन्नास टक्के, माइट म्हणजे तीस, कुड त्याच्या आसपास. मी ते दहावीत पाठ केलं होतं. कारखान्यात आल्यावर कळलं की ते आकडे कोणीच मानत नाही. एकाचं मे दुसऱ्याचं माइट असतं.

मामा : ते चढायला दिलेली शिडी होती, बाई. माइट मेपेक्षा जरा हात राखून बोलतं, एवढं मुलाच्या लक्षात राहावं म्हणून.

भाची : ‘जरा हात राखून’ एवढंच सांगायचं होतं मग. आकडा घातला की खोटी अचूकता येते. आकडेच हवे असतील तर हवामान खात्यासारखं करावं. ते लाइकली, व्हेरी लाइकली, मोस्ट लाइकली असे शब्द वापरतात आणि प्रत्येकाखाली टक्केवारीचा पट्टा बांधून देतात. लाइकली म्हणजे साधारण पंचवीस ते पन्नास, व्हेरी लाइकली पन्नास ते पंचाहत्तर, त्याच्या वर मोस्ट लाइकली. शब्दाला किंमत ठरवून दिली, मग सगळ्यांनी ती पाळली. मे आणि माइटला अशी किंमत कोणी ठरवून दिलेली नाही.

मामा : हे मान्य. कोष्टक पुसलं.

मामांनी ते इतक्या सहज पुसलं याचा मला आनंद आहे, कारण बाजारातल्या गाइडांत ते अजून छापलं जातं. इंग्रजी बोलणारी पुष्कळ माणसं आजच्या शक्यतेसाठी मे, माइट आणि कुड जवळजवळ अदलाबदलीनं वापरतात. तिथे मुलानं तासभर घाम गाळण्याचं कारण नाही. घाम दुसरीकडे गाळायला हवा, आणि ती जागा भाचीच्याच कामात सापडते.

भाची : गेल्या महिन्यात आमच्या एका पंपाचं सील गळत होतं. परदेशातल्या ग्राहकाला रिपोर्ट पाठवायचा होता. आमच्या विभागातल्या एका मुलानं लिहिलं, ‘द सील कॅन लीक.’ तिकडून उत्तर आलं: म्हणजे तुमच्या सगळ्याच पंपांची सीलं गळण्याजोगी आहेत का? त्याला म्हणायचं होतं, ह्या पंपाचं सील गळत असावं.

मामा : मग हा आमचा घाटघरचाच पाऊस झाला! कॅन लिहिलं की तू पंपाच्या जातीबद्दल बोललीस. ‘द सील मे बी लीकिंग’ लिहिलं की ह्या एका पंपाबद्दल.

भाची : पण माझं म्हणणं पुढे ऐका. मला यातून उलटा धडा मिळाला. शब्द बारीक छटांचे ठेवलेत म्हणून हा घोळ झाला. एका शब्दाला एकच काम द्या. आंतरराष्ट्रीय मानकं लिहिणारी आयएसओ संस्था हेच करते. तिच्या नियमांत शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी आणि कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. मेच्या जागी कॅन वापरायचा नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. ‘ऑपरेटर मे ओपन द व्हॉल्व्ह’ म्हणजे ऑपरेटरला तशी मुभा आहे. ‘ऑपरेटर कॅन ओपन द व्हॉल्व्ह’ म्हणजे त्याला ते जमण्यासारखं आहे. वाद संपला. शाळेतही असंच चार ओळींत शिकवा.

मामा : आणि त्या चार ओळी शिकलेला मुलगा ‘इट मे रेन’ वाचून काय समजेल? पावसाला परवानगी आहे?

भाची : मानकात पाऊस नसतो, मामा.

मामा : पण मुलाच्या आयुष्यात असतो. तुझी ती संस्था शब्दांना कुंपण घालते, आणि त्या कुंपणाच्या आत ते ठीकच आहे. कायद्यातसुद्धा तसं कुंपण घालायचा प्रयत्न असतो. तिथेही मे लिहिलं म्हणजे मुभा, शॅल लिहिलं म्हणजे सक्ती. तरी न्यायालयांपुढे वाद येतातच, आणि अधिकाराबरोबर कर्तव्यही येत असेल तर कायद्यातलं मे हे शॅलसारखं वाचावं लागतं. इंग्लंडमध्ये १८८० साली ऑक्सफर्डच्या बिशपच्या खटल्यात यावरच खल झाला, आणि आपल्याकडचे वकील आजही तो दाखला देतात. कुंपण घातलं तरी वाक्याच्या संदर्भाची वाट मोकळीच राहते.

इथे मी काही काळ भाचीच्या बाजूनं उभा राहतो. कारखान्याचा रिपोर्ट, औषधाच्या पाकिटातली चिठ्ठी, यंत्राची सूचनापुस्तिका या ठिकाणी वाचणाऱ्याला अंदाज करायला लावणं हा अन्याय आहे. तिथे कुंपण हवंच. पण कुंपणातले चार शब्द म्हणजे इंग्रजी भाषा, असं मुलाला सांगता येणार नाही, हेही तितकंच खरं. शिवाय भाचीनंच पुढे जे दाखवलं ते चार ओळींच्या नियमात बसत नाही.

भाची : एक गोष्ट मात्र मला अजून नीट कळलेली नाही. ‘इट मे बी द सील’ आणि ‘इट कुड बी द सील’ जवळजवळ सारखीच. सील असेल, सील असू शकेल. मग मी नकार लावला तर? ‘इट मे नॉट बी द सील’ आणि ‘इट कुडन्ट बी द सील.’ ही दोन एकदम लांब गेली.

मामा : बघ, आता तू खऱ्या जागेवर आलीस. मराठीत म्हणून बघ. पहिलं काय?

भाची : सील नसेल.

मामा : आणि दुसरं?

भाची : सील असूच शकत नाही.

मामा : पहिल्यात तू दार उघडं ठेवलंस. सील असेल किंवा नसेल, तपासा. दुसऱ्यात दार बंद. सील तपासायचंच नाही, दुसरं कारण शोधा. होकारात शेजारी बसलेले दोन शब्द नकारात एकमेकांकडे पाठ करून बसतात. रिपोर्टमध्ये ‘सील नसेल’च्या जागी चुकून ‘असूच शकत नाही’ गेलं, तर माणसं सील न उघडता मोटर उघडत बसतील.

भाची : म्हणजे मेमध्ये नकार गोष्टीला लागला, आणि कुडमध्ये शक्यतेलाच लागला.

मामा : शाब्बास! ‘शक्य आहे की नाही आहे’ आणि ‘शक्य नाही की आहे’. हे तू मराठीत आधी जोखलंस, मग इंग्रजीकडे गेलीस. मी सांगतो ती वाट हीच.

मामांची ही वाट नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, परकी नाही. मराठीचं व्याकरण १८३६ साली छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच नगरला डेप्युटी कलेक्टर होते. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक. आज उलट दिशेनं जायला हवं, म्हणजे मराठीच्या मांडणीतून इंग्रजीकडे, असं मला वाटतं. आणि ‘जमणं’ या अर्थाकडे वळलं की ही गरज आणखी स्पष्ट दिसते.

मामा : कॅन यू स्विम? मराठीत सांग.

भाची : तू पोहू शकतोस का?

मामा : असं कोण विचारतं गं? प्रवरेच्या काठावर पोराला काय विचारतात?

भाची : तुला पोहता येतं का.

मामा : हां. शिकून अंगात आलेली गोष्ट ‘येतं’नं सांगायची. मला पोहता येतं, मला मोडी वाचता येते. पण आज खांदा दुखतोय, नदीला पाणी जास्त आहे, तेव्हा विचारायचं, आज पोहू शकशील का? ते आजच्या परिस्थितीबद्दल झालं. आणि तिसरं, मी या वयात म्हणतो, आता माझ्यानं पोहवत नाही. पोहता येतंय, नदीही शांत आहे, पण शरीर साथ देत नाही.

भाची : शाळेत ‘शक्य क्रियापद’ म्हणून शिकवलं होतं. बघवत नाही, चालवत नाही, खाववत नाही.

मामा : तेच. मराठीत तीन खाती आहेत आणि इंग्रजी तिन्ही कॅनमध्ये ओतते. तेव्हा इंग्रजी सोपी आहे असं वाटतं. पण वर्तमानातून जरा हललीस की ती तीन खाती इंग्रजीलाही सांभाळावी लागतात. उद्याचं बोलायचं तर ‘विल बी एबल टू’ लागतं, कारण कॅनला भविष्याचं रूप नाही. कालचं बोलायचं तर कुड की ‘वॉज एबल टू’ हा प्रश्न पडतो. मुलं सगळ्यात जास्त पडतात ती तिथे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. कॅन हा शब्द मुळात ‘जाणणं’ या अर्थाचा होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ठाऊक असणं, आणि त्याचं मूळ तेच जे संस्कृतातल्या ‘ज्ञा’ धातूचं आणि आपल्या ‘जाण’चं. मे मात्र मुळात बळाचा शब्द, अंगात ताकद असण्याचा. म्हणजे ‘शक्ती’शी नातं सांगणारं आपलं शकणं जुन्या मेच्या जवळचं, आणि कॅनच्या जवळचं ‘येतं’. शाळेतल्या जोड्या शब्दांच्या जन्माकडून पाहिल्या तर बरोबर उलट्या लागल्या आहेत. आजच्या वापराला यानं काही फरक पडत नाही, पण ‘कॅन म्हणजे शकतो’ हे दगडावर कोरलेलं नाही एवढं कळतं.

भाची : कुड म्हणजे शकलो, हे तरी खरं ना?

मामा : तेच सगळ्यात मोठं खोटं. ‘आम्ही कळसूबाईच्या माथ्यावर पोचू शकलो’ याचं इंग्रजी कर.

भाची : वी कुड रीच द टॉप.

मामा : वाचणारा विचारेल, मग पोचलात का? १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर तुम्ही खरंच गेलात, ती एका दिवशी झालेली, पूर्ण झालेली गोष्ट. तिथे ‘वी वेअर एबल टू रीच द टॉप’, नाहीतर सरळ ‘वी रीच्ड’. होकारी कुड फक्त ‘तशी ताकद होती, तशी सोय होती’ एवढंच सांगतं. ‘आजोबांना तरुणपणी दिवसभर चालता यायचं’, इथे कुड ठीक.

भाची : पण ‘माथ्यावरून आम्हाला भंडारदऱ्याचं पाणी दिसत होतं’ याला तुम्ही ‘वी कुड सी द लेक’च शिकवलं होतं.

मामा : दिसणं, ऐकू येणं, आठवणं, वास येणं, यांना कुड चालतं. ती मिळवलेली गोष्ट नसते, पुढे आलेली असते. आणि नकारात कुठलीच अडचण नाही. वी कुडन्ट रीच द टॉप, पोचू शकलो नाही. एका दिवसाची गोष्ट असली तरी चालतं, कारण जे घडलंच नाही त्याबद्दल ‘घडलं का’ असा प्रश्न उरत नाही.

भाची : हे फार किचकट आहे, मामा. हायस्कूलच्या मुलाला इतकं कशाला? वॉज एबल टूच्या जागी कुड लिहिलं म्हणून कोणाचं काय अडतं?

मामा : आपल्या किल्ल्याचं उदाहरण घेऊ. मग अडतं की नाही ते तूच ठरव.

मामा ज्या किल्ल्याबद्दल बोलतात तो नगरचा भुईकोट. ऑगस्ट १९४२ मध्ये चले जावच्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीतले नेते तिथे आणून ठेवले. नेहरू होते, वल्लभभाई होते, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. ते १९४६ साली छापलं गेलं.

मामा : नेहरू किल्ल्यात लिहू शकत होते. हे कुड. कागद होता, शाई होती, कोणी हात धरत नव्हतं. पण ‘ही कुड राइट द बुक इन फाइव्ह मन्थ्स’ एवढ्यावर थांबलीस, तर पुस्तक झालं की नाही हे वाक्य सांगतच नाही. ‘ही वॉज एबल टू राइट इट इन फाइव्ह मन्थ्स’, तेव्हा पुस्तक हातात येतं. एक तुरुंगाच्या नियमांबद्दलचं वाक्य, दुसरं माणसाच्या कामाबद्दलचं.

भाची : बरं. आणि?

मामा : आता आझादांचं बघ. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. आझाद तेव्हा इथे किल्ल्यात होते. आजार वाढल्याच्या बातम्या येत होत्या. तुरुंगाधिकाऱ्यानं त्यांना सुचवलं होतं की काही म्हणायचं असेल तर मुंबई सरकारला कळवतो. आझादांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. हे त्यांनी स्वतः ‘गुबारे खातिर’मध्ये लिहून ठेवलंय. आता यावर तीन वाक्यं कर. त्यांना शेवटची भेट घेता आली नाही.

भाची : ही कुड नॉट सी हर.

मामा : त्यांना विनंती करता आली असती.

भाची : ही कुड हॅव आस्क्ड.

मामा : आणि समज, तू त्यांचं पुस्तक वाचलेलं नाहीस. काय घडलं तुला माहीत नाही. तेव्हा तू म्हणशील, त्यांनी विनंती केली असेल.

भाची : ही मे हॅव आस्क्ड.

मामा : शेवटच्या दोन वाक्यांत किती अंतर आहे? ‘मे हॅव’ म्हणजे मला माहीत नाही. ‘कुड हॅव’ इथे म्हणजे मला माहीत आहे, वाट खुली होती आणि त्यांनी ती घेतली नाही. मुलानं कुडच्या जागी मे लिहिलं तर एका माणसानं जाणूनबुजून दिलेला नकार पुसला जातो. त्याच्या जागी ‘कोण जाणे’ येतं. अडतं की नाही?

भाची : अडतं. पण कुड हॅव नेहमीच असं पक्कं नसतं, मामा. आमच्याकडे लिहितात, ‘द शाफ्ट कुड हॅव बीन डॅमेज्ड इन ट्रान्झिट.’ तिथे झालं की नाही ते माहीत नसतं.

मामा : हो, ते दोन्हीकडे चालतं आणि संदर्भानं ठरतं. माइट हॅवचंही तसंच. मे हॅव मात्र साधारण अज्ञानाच्याच बाजूला राहतं. म्हणून रिपोर्टमध्ये खरंच माहीत नसेल तर मे हॅव घाल. कुणावर ठपका येणार नाही.

भाची : आणि ‘द लीक कुड हॅव बीन डिटेक्टेड अर्लियर’ लिहिलं, तर तपासणाऱ्यावर ठपका आलाच. आधी सापडू शकलं असतं, सापडवलं नाही.

मला या संवादातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मुलांना आपण शिकवतो की हे शब्द शक्यतेची मात्रा सांगतात, कमी-जास्त, पन्नास-तीस. पण आझादांच्या उदाहरणात मात्रा कुठेच नाही. बोलणारा काय जाणतो आणि कशाची हमी देतो, हे आहे. घडलं हे माहीत आहे, घडलं नाही हे माहीत आहे, की काहीच माहीत नाही, यांतला एक पर्याय बोलणाऱ्याला निवडावा लागतो. आणि ही निवड मराठी मूल रोज करतं. ‘केली असेल’ आणि ‘करता आली असती’ यांची गल्लत जिल्ह्यातलं कुठलंच पोर करत नाही, मग ते कर्जतचं असो की कोपरगावचं. त्याला इंग्रजीत ती गल्लत होते, कारण वर्गात त्याला ‘असेल’ आणि ‘असती’ कोणी विचारलेलं नसतं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शक्यता दाखवणारं सहायक क्रियापद वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असं येतं, मुलगा मे घालतो, गुण मिळतो. वाक्य कोण बोलतंय आणि त्याला काय ठाऊक आहे, हे त्या प्रश्नात विचारलेलंच नसतं.

भाची : तुमचं ऐकून मी एवढं मान्य करते की माझे चार नियम कारखान्याच्या फाटकाच्या आतले आहेत. पण परवानगीच्या बाबतीत तुम्हीसुद्धा ऐका. ‘मे आय कम इन सर’ हे तुम्ही आमच्याकडून इतकं घोटून घेतलंत की कॅन आय म्हटलं तर उर्मटपणा होतो असं आम्हाला वाटायचं. मी परदेशी माणसांबरोबर रोज बोलते. सगळे कॅन आय म्हणतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मामा : पंचवीस वर्षं मी मे आय शिकवलं. वर्गात येताना मुलानं ते म्हणावं यात मला अजून गैर वाटत नाही.

भाची : म्हणू दे. पण कॅन आय चुकीचं आहे असं सांगू नका.

मामा : चुकीचं आहे असं नाही सांगणार. पण मे आय आधी शिकवीन.

या मुद्द्यावर दोघांचं जुळलं नाही, आणि मीही जुळवायला जात नाही. मामा ज्या शाळेत वाढले तिथे वर्गाचा उंबरठा ओलांडणं ही मागून घ्यायची गोष्ट होती, भाचीच्या ऑफिसला उंबरठाच नाही. परवानगीचा खरा पेच दाराशी येतही नाही. तो मेलमध्ये येतो.

भाची : हे बघा, आमच्या मुलानं ग्राहकाला लिहिलंय. ‘यू कॅन सेंड अस द ड्रॉइंग बाय फ्रायडे.’

मामा : तुम्ही शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग पाठवू शकता. मराठीत नम्र वाटतं.

भाची : तिकडे वाचताना वाटतं, आम्ही ग्राहकाला परवानगी देतोय. पाठवा बरं का, आमची हरकत नाही. मराठीत आपण काय म्हणू? पाठवाल का? आपल्याकडे भविष्यकाळ घातला की विनंती मऊ होते. पाठवता का, पाठवाल का. इंग्रजीत तेच काम कुड करतं. कुड यू सेंड अस द ड्रॉइंग बाय फ्रायडे. त्यात भूतकाळ कुठेच नाही.

मामा : आणि शुक्रवारपर्यंत त्याला जमेल की नाही याचीच शंका असेल तर?

भाची : तर ‘विल यू बी एबल टू सेंड इट बाय फ्रायडे’. जमेल का, असं विचारलं. नाही म्हणायला त्याला वाट ठेवली.

मामा : मग यातलं कोणतं पाठवतेस?

भाची : गेल्या वेळी त्यांनी दोन आठवडे लावले होते. जमेल का, असंच विचारते.